घरचं मत

सोमेशला एकही मत पडलं नव्हतं.

इंद्रायणीबाईंनी सगळ्या चिठ्ठ्या पोरांसमोर पुन्हा उलगडून दाखवल्या. बादलीवर शिक्के, पाटीवर शिक्के, घंटा मात्र कोरी करकरीत. घंटा ही सोमेशची निशाणी. बादली घेऊन उभी राहिलेली राजनंदिनी शाळेच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री झाली होती. मेंढपाळाच्या घरची ही चौथीतली पोर खिचडीच्या रांगेत घुसणाऱ्याला, मग तो कुणाचाही कोण असो, कान धरून मागं नेऊन उभं करायची. पोरांनी माणूस बरोबर हेरला होता आणि बाईंना मनापासून आनंद झाला होता. पण दारात मडिवाळप्पा उभे होते.

मडिवाळप्पा म्हणजे सोमेशचे आजोबा आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. हार आणि पेढे घेऊन ते अक्कलकोटहून थेट शाळेत आले होते. निकालाआधी पेढे आणायची त्यांना खोडच होती. मागच्या सरपंचकीच्या निवडणुकीतही त्यांनी गुलालाची पोती आधीच आणून ठेवली होती आणि एका मतानं पडले होते. फेरमोजणी झाली, तरी ते एक मत काही सापडलं नाही. मतदान केंद्रावर मास्तर लोक होते, म्हणून तेव्हापासून मास्तर जमातीवरच त्यांचा राग. निवडून आलेल्या महादेवीबाईंनी गावात घरोघरी नळ आणला, शाळेतही आणला, पण त्यांचं नाव मडिवाळप्पांच्या घरात निघत नसे.

"मोजणीत घोळ हाय," मडिवाळप्पा म्हणाले.

"सगळ्यांच्या देखत मोजलंय, अप्पा," इंद्रायणीबाई म्हणाल्या.

"मग माज्या नातवाचं मत कुटं गेलं? बाकीच्या पोरांचं ऱ्हाऊ द्या. त्यानं सवताला तर दिलं असंल की! एक तरी पायजे. एक बी न्हाय म्हंजे तुमी चिठ्ठ्या बदलल्या."

हेडसरांचा चेहरा उतरला. हिशेब बिनतोड होता. सोमेशनं मत दिलेलं होतं, त्याच्या बोटावर मार्करची रेघ होती.

"मागं तुमी मास्तर लोकांनी माजी खुर्ची घालवली, आता नातवाची. आजच पंचायत समितीत अर्ज टाकतो. असली बाई आमच्या शाळंत नको."

हेडसर बाईंना खिडकीशी घेऊन गेले. "मॅडम, सोमेशला विचारा ना, कुणाला मत दिलंस म्हणून. पोरगं सांगून टाकेल. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

एका प्रश्नाचंच तर काम होतं. आणि उत्तराचा अंदाज बाईंना होताच. आदल्या दिवशी याच सोमेशनं हळूच विचारलं होतं, "बाई, उभा राहिलेल्यानं दुसऱ्याला मत दिलं तर चालतंय का?" चालतं, असं बाईंनी सांगितलं होतं. जो काम करेल त्याला द्यायचं, घरचा-दारचा बघायचं नाही.

पण त्याच बाईंनी आठवडाभर आणखी एक गोष्ट शिकवली होती. मत कुणी कुणाला विचारायचं नाही. फळ्यावर ते अजून मोठ्या अक्षरात तसंच होतं. पोरांचं सोडा, नातवाला न्यायला लवकर येऊन व्हरांड्यात बसणाऱ्या बाळाबाईंनाही एव्हाना ते पाठ झालं असेल. बाळाबाई म्हणजे मडिवाळप्पांच्या पत्नी. आल्या की त्या आधी नळाखाली हात धरायच्या, पाणी जरा वेळ नुसतं बघायच्या आणि मग तोंड धुवायच्या. आताही त्या नळाशीच उभ्या होत्या.

बाईंना भीती वाटली नाही असं कोण म्हणेल? नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, मुलगी सोलापुरात शिकायला. चिठ्ठ्या बदलल्याचा डाग घेऊन बदली झाली असती तर घराची तीन दिशांना तीन तोंडं झाली असती. पण वर्गातली पोरं टक लावून बघत होती. नियम मोठ्यांनाही लागतात की फक्त आपल्यालाच, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"मी विचारणार नाही," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "कुणालाही विचारू देणार नाही. अप्पा, अर्ज खुशाल द्या. चौकशीतही मी हेच सांगेन."

"अहो मॅडम..." हेडसर पुटपुटले.

"नाही, सर. आज विचारलं तर ही पोरं जन्मभर मत द्यायच्या आधी मागं वळून बघतील."

मडिवाळप्पा सोमेशकडे वळले. "सोम्या, तू बोल. कुणाला दिलंस?"

सोमेशनं आधी फळ्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं.

"सांगायचं नसतंय, अज्जा."

"पढवून ठिवलंय बगा पोराला!" मडिवाळप्पा कडाडले. "आमच्या घरातलं मत कदी घराभाईर गेलंय व्हय? सांग, न्हायतर..." आणि त्यांचा हात वर गेला.

इंद्रायणीबाई झटकन मधे येऊन उभ्या राहिल्या. राजनंदिनीही आपल्या जागेवरून उठली.

व्हरांड्यातला नळ बंद झाला. बाळाबाईंनी तोटी घट्ट पिळली, पदराला हात पुसले आणि त्या उंबऱ्यात आल्या. नवऱ्यासमोर त्यांचा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. मग बाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "बाई, तुमचा नेम मोडतीया, माफी करा. सांगायचं नसतंय, मला ठावं हाय. पन आता सांगते."

मडिवाळप्पांचा हात अजून वरच होता.

"पोराला बोलू नगा, मास्तरास्नी बी बोल लावू नगा. तुमी ज्या एका मतानं पडला, ते माजं हुतं."