मास्तरांचे हात

"मास्तरांनी हात जोडायचे आहेत," वाहिनीच्या साहेबांनी चौथ्यांदा सांगितलं. "फक्त जोडायचे. दोन मिनिटांचा प्रसंग. एवढा काय आकांत?"

लेखिकेने समोरच्या कागदांवरून नजर उचलली नाही. मालिकेचे तीनशे बारा भाग तिने एकटीने लिहिले होते. त्यातले मास्तर देव मानत नसत, आणि तरीही लोकांना ते घरातल्या माणसासारखे वाटत. आता मास्तरांची बायको शेवटच्या आजारात होती. तिचं नवऱ्याकडे एकच मागणं होतं, माझ्यासाठी एकदा हात जोडा.

"जोडले की पुढे काय?" तिने विचारलं.

"पुढे काय म्हणजे? यंत्रावरची सरळ झालेली रेघ पुन्हा नाचायला लागते. खिडकीतून उजेड येतो. बाई डोळे उघडतात."

"आणि मास्तर?"

"मास्तर ढसाढसा रडतात. अहो मॅडम, नास्तिक म्हणजे शेवटी कोण? देवावर रुसलेला माणूस. रुसवा काढायचा आणि मोकळं व्हायचं. प्रेक्षक सहा महिने त्याचीच वाट बघतोय."

"माझे वडील कुणावर रुसलेले नाहीत."

साहेबांना त्याचा काही अर्थ लागला नाही. लागावा अशी तिचीही अपेक्षा नव्हती.

मास्तर म्हणजे तिचे अण्णाच होते. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसायची सवय, खडूने पांढरी झालेली बाही, "सिद्ध करून दाखव" हे पालुपद, सगळं तिने घरातूनच उचललं होतं. आणि दोन वर्षांपूर्वीची ती दुपारही.

त्या दुपारी दवाखान्यात आईने अण्णांचं मनगट धरलं होतं. "एकदा हात जोडा हो. माझ्या समाधानासाठी."

"तुझ्याशी जन्मभर खोटं वागलो नाही," अण्णा म्हणाले होते. "आता कसा वागू?"

आईने मान भिंतीकडे वळवली. तिसऱ्या दिवशी ती गेली. नातेवाईक अण्णांना तोंडावर दगड म्हणाले. लेकीला मात्र बापाचा तेवढा अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

अण्णा मालिकेचा एक भाग चुकवत नसत. साडेसातला सुरू व्हायची, तर हे सव्वासातलाच खुर्ची ओढून बसत. नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद करत. गेला महिनाभर तर जेवतानाही तोच विषय.

"मास्तर काय करणार गं आता?"

"तुम्ही नका काळजी करू, अण्णा."

"लिहिणारी तूच ना? म्हणजे तुझ्याच हातात आहे म्हणायचं."

"माझ्याच हातात आहे."

"वाहिनीवाले काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार! जोडायला लावा म्हणतात."

अण्णांचा हात ताटावरच थांबला. "असं? मग?"

"माझ्या हातून ते व्हायचं नाही."

अण्णांनी पाण्याचा पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि ताट तसंच टाकून उठले. त्यांना भरून आलं असावं, असं तिला वाटलं. मग तिलाही आलं.

चित्रीकरणाच्या दिवशी तिने प्रसंग पाठवायला मुद्दाम उशीर लावला. दवाखान्याची खोली एकाच दिवसापुरती उभारलेली होती. कलाकार तोंडाला रंग लावून ताटकळले, दिग्दर्शकाचे अकरा फोन येऊन गेले, तेव्हा कुठे तिने तो पाठवला आणि फोन बंद करून टाकला. त्यात उजेड नव्हता, नाचणारी रेघ नव्हती. मास्तर हात जोडत नाहीत आणि बायको जाते, एवढंच. दुसऱ्या दिवशी भाग दाखवायचा होता. हाती आलं ते चित्रित करण्यावाचून कुणालाच गत्यंतर नव्हतं.

संध्याकाळी फोन सुरू केला तेव्हा साहेबांचा निरोप येऊन पडला होता. उद्यापासून येऊ नका. या धंद्यात अशी बातमी फिरायला वेळ लागत नाही, आता कुणी दारात उभं करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती अण्णांच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. पडद्यावर मास्तरांनी बायकोच्या कपाळावरून हात फिरवला. "तुझ्याशी जन्मभर खोटं वागलो नाही," ते म्हणाले. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. बायकोचे डोळे मिटले. मास्तरांचे हात मांडीवरच राहिले. भाग संपला आणि साबणाची जाहिरात लागली.

"बघितलंत ना, अण्णा?" ती त्यांच्याकडे वळली. "वाकू दिलं नाही मी त्यांना. काम गेलं माझं. पण तुम्हाला वाकू दिलं नाही."

अण्णा जाहिरातीकडेच बघत होते.

"संपलं?" त्यांनी विचारलं. "उद्याच्या भागात काही नाही?"

"उद्या काय असणार? बाई गेल्या ना."

अण्णांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तो नुसता हातात धरून बसले.

"तिने मागितलं तेव्हा माझ्याच्याने झालं नाही गं," ते म्हणाले. "महिनाभर वाट बघत होतो, म्हटलं निदान हा तरी जोडेल."