सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी

सहा वर्षांपूर्वी निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचं रक्त घेऊन डॉ. नीलमनं जनुकांवर शोधनिबंध लिहिला. सत्तेचाळीस नंबरच्या रक्तात कॅन्सरचा धोका सांगणारा नवाच बदल सापडला आणि जगभरातल्या हजारभर शास्त्रज्ञांनी त्या निबंधाचा दाखला दिला. नंबरामागचं नाव शोधून त्या बाईला कळवायचं मात्र राहिलं ते राहिलंच.

आज निपाणीत गावची लेक म्हणून नीलमचा सत्कार होता. हार घालायला आलेल्या, विड्या वळणाऱ्या ताराबाईंनी कनवटीची पिशवी उघडून रक्त देताना मिळालेली चिठ्ठी कौतुकानं दाखवली. सत्तेचाळीस!

नीलमनं तो नंबर पुन्हा वाचला. ताराबाई हसून म्हणाल्या,

"वाईट काय निघालं असतं, तर तू सांगितलंच असतंस की गं. म्हणून मी लई निवांत हाय बघ."