मणेर गल्लीची बातमी

"वाचा की मास्तर," महारुद्र पाटील म्हणाले. "समदं गाव थांबलंय."

पंचाक्षरी मास्तरांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. डावा हात झोळीत बांधलेला. उजव्या हातात सोलापूरहून आलेलं मराठी वर्तमानपत्र. निजामाचं राज्य जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि गावात पहिल्यांदाच आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र उघडपणे वाचलं जाणार होतं. ते मास्तरांनीच वाचायचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

मान त्यांचाच होता. याच चावडीवर वर्षभर त्यांनी हैदराबादचं उर्दू अखबार वाचून दाखवलं होतं. अमीनसाहेबांचा, म्हणजे पोलीस अंमलदाराचा, तसा हुकूमच होता. सरहद्दीवर आपली फौज कशी भारी पडतेय, रयत कशी सुखात आहे, असलं काहीबाही. लोक खाली मान घालून ऐकायचे आणि मुकाट घरी जायचे. हिंदुस्थानची फौज संस्थानात शिरली, त्या लढाईच्या तिसऱ्या दिवशी मात्र मास्तरांनी 'दुश्मन सोलापूरकडं पळाला' एवढं वाचलं आणि अखबाराची घडी घातली. "दुश्मन पळाला न्हाय," ते म्हणाले. "नळदुर्ग घेऊन पुढं गेलाय. गाडीवानांनी डोळ्यानं बघितलंय." अमीनसाहेबांनी बंदुकीच्या दस्त्यानं त्यांचा हात मोडला आणि त्यांना कोठडीत टाकलं. दोन दिवसांनी अमीनसाहेबच पळाले. तेव्हा लोकांनी कुलूप फोडून मास्तरांना खांद्यावर बसवून घरी आणलं होतं.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. लष्कराच्या स्वागताची बातमी झाली, टाळ्या पडल्या. पान उलटून ते पुढची बातमी वाचू लागले. "उस्मानाबाद जिल्ह्यात सर्वत्र शांतता. कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही."

इथं ते थांबले.

चावडीच्या ओट्यावरून मणेर गल्ली दिसत होती. चार घरांना छप्पर नव्हतं. भिंती काळ्या पडल्या होत्या. गेल्या शुक्रवारी माणसं कोयते, कुऱ्हाडी घेऊन आली. काही शेजारच्या गावांची होती. काही आत्ता समोर मांडी घालून बसली होती. बांगड्या विकणारा चाँदसाब मणेर त्या दिवशी मेला. गावातल्या निम्म्या सुनांच्या हातात लग्नाचा चुडा त्यानंच भरला होता. मास्तर तेव्हा घरात अंथरुणावर होते. आरडाओरडा त्यांनी ऐकला होता. हात मोडलाय, आपण काय करणार, असं मनाशी म्हणून ते पडून राहिले होते.

"पुढं वाचा," पाटील म्हणाले.

"पुढं कसं वाचू? इथं शांतता न्हाय पाटील. आपल्या गावात तीन माणसं मारली. चाँदसाब, त्याचा धाकटा भाऊ, आन बाबूलाल तांबोळी. चार घरं जाळली. यात ते छापलेलं न्हाय, म्हणून मी सांगतोय."

पाटलांनी आवाज खाली आणला. "मास्तर, आता राज्य आपलं हाय."

"व्हय. म्हणून तर बोलतोय. त्यांच्या राज्यात पोटासाठी वर्षभर खोटं वाचलं. आपल्या राज्यात बी तेच वाचायचं असंल, तर हात कशापायी मोडून घेतला म्या?"

"आन गौराबाईच्या गोरोबाला रझाकारांनी मारलं, तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं खरं?" मागून एकजण ओरडला.

गौराबाई बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती. उन्हाळ्यात तिचा एकुलता एक लेक शिवेवर मारला गेला होता. शुक्रवारी कोयते घेऊन आलेल्यांच्या तोंडी त्याचंच नाव होतं.

"गोरोबाची बातमी अखबारात आली नव्हती," मास्तर म्हणाले. "आन ती नव्हती हे बोलायची माझी छाती झाली न्हाय. त्याची लाज मला मरेपतोर पुरंल. पण गोरोबाला न छापणारे आन चाँदसाबला न छापणारे, मला दोघं सारखेच."

दोन तरणे गडी उठून ओट्यावर चढले. एकानं मास्तरांच्या गळ्यातला हार हिसडून तोडला. दुसरा वर्तमानपत्र ओढू लागला. मास्तरांनी ते सोडलं नाही. मोडका हात पोटाशी धरून ते ताठ उभे राहिले.

तेवढ्यात गौराबाई उठली. लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. ती आता मास्तरांच्या तोंडावर थुंकणार, असंच सगळ्यांना वाटलं. मास्तरांनाही वाटलं. त्यांनी मान खाली घातली.

ती ओट्याच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली. आधी तिनं त्या दोन गड्यांकडं बघितलं. दोघं आपसूक मागं सरले. मग ती गावाकडं तोंड करून बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मास्तर, अजून एक बातमी सांगा ह्यांना. चाँदसाबची बायको आन तिची तीन लेकरं शुक्रवारपासनं माझ्या घरात हायत. गोरोबाच्या खोलीत निजतात. ज्याला कुणाला त्याचं नाव घेऊन कोयता उचलायचा असंल, त्यानं पयलं माझ्या दारात यावं."