स. वि., वाडी

"पेंटर काका आहेत का?" हिमानीने दारातूनच विचारलं.

"हायेत ना. आत पडून हायेत." काकूंनी पदराला हात पुसले. "काय काम होतं?"

वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे हे घर शोधताना हिमानीच्या चपलेचा अंगठा तुटला होता. धंतोलीतल्या एका मुलांच्या दवाखान्याची भिंत तिला रंगवायला मिळाली होती. चित्रकार म्हणून पहिलंच मोठं काम. पण भिंतीवर आधीच कुणीतरी प्राण्यांची जत्रा काढलेली होती. अर्धी ओलीने खाल्लेली, उरलेली अशी जिवंत की बघत राहावं. कोपऱ्यात सही होती, 'स. वि., वाडी'.

डॉक्टर म्हणाले, "चुना मारा, नवं काढा." हिमानीचं मन धजेना. तिला ती जत्रा पुरी करायची होती, पण आपल्या पद्धतीने. मात्र न विचारता आयत्या बिळावर नागोबा होणं तिला पटत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. जुन्या पेंटरची परवानगी आणली तर ठीक, नाहीतर चुना.

तिने कच्चं चित्र पुढे केलं. जत्रा दवाखान्यात पोचली आहे, आणि चिमणी नर्स भेदरलेल्या हत्तीला सुई टोचते आहे.

"काकांना दाखवता येईल?"

"दे इकडं. गिऱ्हाइकाशी बोलाचं काम त्यायचंच होतं. आता उठवत नाही, म्हणून मी बोलून राहिले."

काकू आत गेल्या. हिमानी बसून राहिली. खिडकीत डब्यात ब्रश उभे होते, स्वच्छ आणि ओले.

बऱ्याच वेळाने कागद परत आला. त्यावर पेन्सिलीच्या चारच रेघा होत्या, पण चित्र पार बदललं होतं.

"काढ तू," काकू म्हणाल्या. "पण हत्ती काहून घाबरलेला? हत्ती बसू दे निवांत. थरथरू दे त्या चिमणीले. लेकरू हासलं पाहिजे."

हिमानीला एवढा आनंद झाला की तिने काकूंना मिठीच मारली. मग ब्रशांकडे बघून विचारलं, "काका अजून ब्रश धुतात?"

"रोज. त्याच्याबिगर करमत नाही त्यायले."

पुढचा महिनाभर ती दर रविवारी येत राहिली. कागद आत जायचा, सुधारून बाहेर यायचा. कधी ती हट्टाने आपलंच ठेवायची, आणि काकू हसून म्हणायच्या, "बरं बापा, भिंत तुही, मर्जी तुही."

भिंत पुरी झाली. पहिल्याच सकाळी एक रडकी पोरगी चिमणीकडे बघून खुदकन हसली, आणि हिमानीचे डोळे भरून आले.

दुपारी ऑटो थांबला. काकूंच्या खांद्याचा आधार घेत काका उतरले. हिमानी धावली, त्यांच्या पाया पडली.

"सर, माझी सही झाली. जुनी सही ओलीत पुसट झाली होती. आता शेजारी तुमची हवी."

तिने ब्रश त्यांच्या हातात दिला. काकांनी तो निरखला, सवयीने बोटांनी केस सारखे केले आणि शेजारी उभ्या काकूंपुढे धरला.

"घे वं सत्यवती, कर सही. मी तं जन्मभर ब्रशच धुतले."