दांडेकर सरांचं ब्रिटन

केंब्रिजला कोचमधून उतरल्यावर बाळ दांडेकर सरांनी टोपी सारखी केली, कुंपणापलीकडून बघणाऱ्या एका घोड्याचा फोटो काढला आणि लायब्ररी शोधून पुण्याला ईमेल पाठवली.

“प्रिय चंद्रहास, आज केंब्रिज. गाव हिरवंगार, झाडं जुनी. गेल्या आठवड्यात ऑक्सफर्ड झालं. लोक सभ्य आहेत. सगळे इंग्रजी बोलतात. – बाळ.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला तेवढं जपावं लागतं. फक्त हे केंब्रिज न्यूझीलंडमधलं होतं. ऑक्सफर्डही तिथलंच, मेंढ्यांच्या कुरणांमधलं.

तसे सर खऱ्याच ब्रिटनला निघाले होते. आधी न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलला मुलाकडे, गंधारकडे, तीन महिने राहायचं आणि मग एकट्याने ब्रिटन, असा बेत होता. पण व्हिसाच्या अर्जात ‘येण्याचं कारण’ या रकान्यात सरांनी लिहिलं, ‘दीडशे वर्षं तुम्ही आमच्याकडे राहिलात, आता आमची पाळी.’ उत्तर फार लवकर आलं. ते लांबलचक होतं, पण अर्थ ‘नाही’ असाच होता.

एरवी सर गप्प बसले असते. पण पुण्यात टेकडीवरच्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांच्या व्याख्यानाचा फलकसुद्धा लावून टाकला होता – ‘एकट्याने ब्रिटन: कोच आणि रेल्वेने’. आणि पहिल्या रांगेत चंद्रहास बसणार होता.

चंद्रहासची मुलगी ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये. आदल्या वर्षी तिच्याकडून परतताना तो ‘जरा वाकडी वाट करून’ ब्रिटन बघून आला होता. तेव्हापासून टेकडीवर त्याचं प्रत्येक वाक्य ‘आमच्या ब्रिटनमध्ये’ असं सुरू व्हायचं. चहासुद्धा त्यातून सुटला नव्हता. त्याने संघात फोटो दाखवले होते. त्यातला एक सरांच्या डोक्यात रुतून बसला होता. लख्ख ऊन, ‘स्ट्रॅटफर्ड’ अशी पाटी, खाली बाकावर चंद्रहास आणि त्याच्या डाव्या खांद्यावर उघडी छत्री.

“उन्हात छत्री?” सरांनी भर सभेत विचारलं होतं.

“ब्रिटनच्या हवेचा भरवसा नाही रे. तू गेला नाहीस, तुला कसं कळणार!”

सभागृह हसलं. ते हसू सरांच्या कानातून जात नव्हतं.

मग एका सकाळी सुनेने, ऋचाने, फ्रिजवरच्या नकाशाकडे पाहून सहज म्हटलं, “बाबा, इतकं काय वाईट वाटून घेताय? इथेच आहे की सगळं. केंब्रिज, ऑक्सफर्ड, हेस्टिंग्ज, स्ट्रॅटफर्ड... हीप्स! ढीगभर!”

ती गंमत करत होती. सरांनी पेन्सिल घेतली.

“मी खोटं बोलणार नाही,” मृणालिनीबाईंनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवतींनी, तिथल्या तिथे जाहीर केलं. “पुण्यात कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणेन आणि उठून जाईन.”

“तेवढं पुरे,” सर म्हणाले.

आणि सहल झाली मात्र झकास. फेरीच्या डेकवर वाऱ्याने टोपी उडता उडता राहिली. रेल्वेत शेजारच्या आजीबाईंनी ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करत पिशवीभर फिजोआची हिरवी फळं हातात ठेवली. एका मोटेलमध्ये मालकाने स्वतः इस्त्री करून दिली. कधी कधी तर आपण कुणाला फसवायला निघालो आहोत, हेच सर विसरून जायचे. फोटो मात्र जपून काढायचे. पाम दिसला की कॅमेरा फिरवायचे, माओरी नावाची पाटी दिसली की बंदच करायचे.

न्यू प्लिमथच्या लायब्ररीत चंद्रहासचं उत्तर आलेलं होतं.

“वा, बाळ! स्ट्रॅटफर्डला जाशील तेव्हा छत्री विसरू नकोस.”

सरांना क्षणभर लाजल्यासारखं झालं. काही झालं तरी माणूस काळजी करतो आहे. त्यांनी एक मोठी काळी छत्री विकत घेतली.

स्ट्रॅटफर्डला आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाटी सापडली, पाटीखाली बाकही सापडला. सर बसले, त्यांनी सहज मागे वळून पाहिलं आणि ते ताडकन उठलेच. मागे उकडीच्या मोदकासारखा एक प्रचंड डोंगर उभा होता, शेंड्यावर पांढरा बर्फ घेऊन. असा डोंगर अख्ख्या इंग्लंडात नाही, हे संघातल्या भूगोलाच्या राजाराम मास्तरांनी झोपेतही सांगितलं असतं. पाटी सोडावी तर पुरावा जातो, पाटी घ्यावी तर डोंगर येतो.

सरांची नजर हातातल्या छत्रीवर गेली.

बाकासमोर एक डेअरी होती. तिथे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दारात मालकीण सुरेखाबेन उभी होती. घाटकोपरला वीस वर्षं काढलेली, त्यामुळे तिचं मराठी चालू स्थितीत होतं. सरांनी कॅमेरा तिच्या हातात दिला, बाकावर बसले आणि छत्री उघडून डाव्या खांद्यावर टेकवली.

“काका, डोंगर झाकला ना तुम्ही! लोक लांबून बघायला येतात त्याला.”

“असू दे. पाटी आली पाहिजे.”

“पण छत्री कशाला? पाऊस कुठंय?”

“हवेचा भरवसा नाही,” सर गंभीरपणे म्हणाले.

सुरेखाबेनने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला, सरांकडे नीट पाहिलं आणि पुन्हा वर नेला.

“मग अजून जरा वर धरा,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी पुण्याचे एक काका आले होते अवोन्डेलहून, तेपण हेच बोलले. डोंगराचा शेंडा झाकेपर्यंत चार वेळा त्यांचा फोटो काढला मी.”