दिवसाढवळ्या बॅटरी

कृष्णातनं बंडीचा खिसा पुन्हा एकदा चाचपला. बॅटरी नव्हती. गादीखाली नव्हती, गोठ्यातल्या खुंटीवरच्या जुन्या कोटातही नव्हती. बोटाएवढी बॅटरी, एका पेन्सिल सेलवर चालणारी. गोठ्यात पायाखाली काय आलं तर दिसावं म्हणून घेतलेली. आता तिचं काम वेगळंच होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बायकोला विचारायचं तरी कसं? अंगणात दुपारचं ऊन रटरटत होतं. ‘दिवसाढवळ्या बॅटरी कशाला?’ म्हणाली असती, तर गड्याची बोलतीच बंद.

तंबाखू या घराला नवी नव्हती. बायको तानाबाई हिरड्यांना भाजक्या तंबाखूची मिश्री घाशी, कृष्णातच्या उजव्या गालात कायम चिमूट असे. त्याच जागी पावसाळा सरता सरता एक खरबरीत डाग जिभेला लागला; आरशात बघितला तर पांढरा. तेव्हापासून तो रोज न्हाणीत जाई, कडी लावी आणि दाढीच्या आरशापुढं आ वासून बॅटरी आत घाली. मोबाइलचा उजेड नुसता दातांवर पडे; ही बारकी थेट गालाच्या कोपऱ्यात पोचे. डाग वाढलाय की तेवढाच आहे, हे काही केल्या ठरत नसे. न बघता चैन पडत नसे आणि बघितल्यावर तर मुळीच नाही. पुडी त्यानं उकिरड्यात फेकली होती. दवाखान्याचा नंबरही मोबाइलमध्ये घालून ठेवला होता. तो लावायला मात्र बोट धजत नव्हतं. भीती वाटत होती, दुसरं काय.

त्यात सेल टिकेनात. बावड्याच्या बाजारातला दुकानदार परवा दात काढून हसला, “तात्या, म्हशी राखताय का चोर? आठवडा न्हाय झाला की सेल नेऊन!” कृष्णातनं त्यालाच झापलं. जुना माल खपवतोस म्हणाला.

एका बाबतीत नशीब बरं होतं. तिखट लागलं की गाल पेटून उठायचा, पण अलीकडं तानाबाईनंच हात आखडता घेतला होता. जिच्या कांदा-लसूण चटणीनं पाहुण्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तिचा रस्सा आता बाळंतिणीला वाढावा असा झाला होता. कृष्णात मुकाट जेवत होता. पण मनात पाल चुकचुकायची. हिला कळलं की काय? कळलं तर बोलत का नाही? बाई हाय खाईल, अन्न टाकील. आज बॅटरी गायब झाल्यापासून तर त्याला एका जागी बसवेना.

“तानेऽ!” त्यानं हाक मारली. ओ नाही. गॅसवरचं दूध उतू चाललेलं. असं तिच्या राज्यात कधी झालं नव्हतं. त्यानं गॅस बंद केला आणि मागच्या दारानं परसात आला.

वैरणीच्या खोपटाचं दार लोटलेलं होतं. आत काळोख, आणि फटीतून एक उजेड हलताना दिसला. म्हणजे बॅटरी हिनंच घेतली. हिला सगळं कळलंय. आता जाब द्यायचा. त्यानं दार ढकललं.

तानाबाई कडब्याच्या पेंडीवर बसली होती. एका हातात त्याचा दाढीचा आरसा, दुसऱ्या हातात बॅटरी. तोंड उघडं. उजेड आत पडला होता आणि गाल बाहेरून लालभडक दिसत होता.

ती दचकली. घाईघाईनं तोंडाला पदर लावला, पण डोळे भरून आलेलेच होते.

“कवापासनं?” कृष्णातनं विचारलं.

“गणपतीपासनं. मिश्री लावायच्या जागंवरच चट्टा आलाय. सोडली की ती कवाच. तुमास्नी सांगून घोर कशाला लावायचा, अवं?”

“आनि त्ये तिखट?”

“मलाच सोसंना झालंय.”

कृष्णात तिच्याशेजारी पेंडीवर टेकला. दुकानदारानं उगाचच शिव्या खाल्ल्या होत्या.

मग त्यानं मोबाइल काढला. इतके दिवस अडलेलं बोट या वेळी अडलं नाही. पलीकडून दवाखान्यातल्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं.

“तानाबाई,” तो म्हणाला.

बॅटरी अजून तिच्या हातात जळत होती. त्यानं तिचं मनगट धरलं, उजेड आपल्या तोंडाकडं वळवला आणि फोनमध्ये म्हणाला, “थांबा बाई, ठेवू नका. आजून एक नाव लिवा.”