पाच बटणं

“येत नाही, एवढंच म्हणायचं,” आईनं तिसऱ्यांदा बजावलं आणि बाळच्या शर्टाची पाचही बटणं वरपासून खालपर्यंत सोडली. खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं, म्हणून तर तीनतीनदा सांगायचं.

बाळ चौतीस वर्षांचा. डावी बाजू जन्मापासून लुळी, समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. ती बटणं त्यानं नुकतीच एका हातानं, जीभ बाहेर काढून, स्वतः लावली होती. रोज सकाळी तीन तास येणाऱ्या मदतनीस दादांनी आठ महिने समोर बसून त्याला ते शिकवलं होतं. पाचवं बटण पहिल्यांदा लागलं त्या दिवशी तो साऱ्या घराला शर्ट दाखवत फिरला. सारं घर म्हणजे आई आणि फ्रीज.

पण आज मदतीचे तास ठरवायला सरकारी पाहणीच्या बाई येणार होत्या. कपडे आपले आपण घालता येतात असं कागदावर आलं, की तीन तासांचा एक तास होतो. पलीकडच्या गल्लीतल्या मुलीनं पाहणीच्या दिवशी हौसेनं चहा करून दाखवला आणि तिची मदत निम्म्यावर आली, हे आईनं ऐकलं होतं. एका तासात दादा काय काय करणार? अंघोळ तिच्यावरच येणार. मागे दादा रजेवर असताना बाथरूममध्ये तिचा पाय सरकला, आणि ऐंशी किलोचा बाळ अंगावर घेऊन ती दीड तास ओल्या फरशीवर पडून होती. वय सत्तर, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेले.

दादांना हे पटलं नव्हतं. बाकी काहीही सांगा, बटणांचं तेवढं नको, असं ते काल जाताना म्हणाले. बोलायला यांचं काय जातंय, असं आईला वाटलं. पडायचं तर मला आहे.

बाई आल्या. वाईट मुळीच नव्हत्या. आईला सोडून त्या बाळशीच बोलत राहिल्या, तेही अहो-जाहो करत. उभ्या जन्मात त्याला कोणी अहो म्हटलं नव्हतं. तो खुलला, ताठ बसला.

“शर्टाची बटणं लावून दाखवता?”

बाळचा उजवा हात आपसूक वर गेला, पहिल्या बटणाला लागलासुद्धा. आईनं घसा खाकरला. हात तिथंच थांबला. त्यानं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“येत नाही,” तो म्हणाला. “मला येत नाही.”

बाईंनी लिहून घेतलं. तीन तास कायम राहतील, असं सांगून त्या गेल्या. दार लावल्यावर आईच्या जिवात जीव आला. माझं शहाणं बाळ ते, म्हणत तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आता बटणं लाव, वारं लागेल, असं सांगितलं. तो हलला नाही. बाई गेल्या रे राजा, आता लाव, ती म्हणाली. त्याचा हात मांडीवरच पडून राहिला. संध्याकाळपर्यंत तिनं लाडानं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी स्वतःच बटणं लावली.

सकाळी दादा आले. अंघोळ झाली, शर्ट चढवला. बाळच्या हाताकडे पाहून काय झालं असेल ते त्यांनी ओळखलं. मग ते स्टूल ओढून, आठ महिन्यांपूर्वी बसत तसे, त्याच्यासमोर बसले.

“चल. वरचं बटण.”

बाळनं मान हलवली. दादांना माहीत नसलेलं काहीतरी त्यांना समजावून सांगावं, तसा तो हळू आवाजात म्हणाला,

“दादा, मला येत नाही. आई म्हणाली ना.”